गुडघ्याखाली चार बोटं

दवाखाना उघडून दहा मिनिटंही झालेली नाहीत. झाडलोट झाली आहे, देवापुढे उदबत्ती लागली आहे, खालच्या चहाच्या गाड्यावर स्टोव्ह फरफरतो आहे. पहिला पेशंट दहाला येणार. आता आपल्या खुर्चीत बसू नका. पेशंटच्या खुर्चीत बसा.

बसलात? डोळे मिटायचे नाहीत. मननाला बसायचं म्हणजे डोळे मिटायचे अशी आपली सवय; पण आज ज्यांचा विचार करायचा आहे, त्यांच्यातल्या पुष्कळांना परक्या खोलीत डोळे मिटवत नाहीत. म्हणून आपणही उघडेच ठेवू. दोन्ही तळपाय फरशीला लागू द्या. श्वास जसा चालला आहे तसा चालू दे, त्याला शिस्त लावू नका. आणि या खुर्चीतून दार दिसतं का, एवढंच बघा.

माझ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात दिसत नव्हतं. अकरा वर्षं दिसत नव्हतं. खुर्ची मी खिडकीकडे तोंड करून मांडली होती, बसलेल्याला समोर अजिंक्यतारा दिसावा म्हणून. सुया लावून वीस मिनिटं बसायचं तर डोंगर तरी बघायला मिळावा, असा माझा भाबडा हिशोब. दार पाठीमागे. कुणी आत आलं की कडी वाजायची आणि बसलेल्यांच्या माना वळायच्या. काहींची नुसती मान वळायची नाही, सगळं अंग वळायचं, सुयांसकट. त्याचा अर्थ मला कळायला एक ट्रे हातातून पडावा लागला. त्या ट्रेकडे येऊच.

तूर्त स्वतःचा अंगठा बघा. सांध्यापाशी तो जिथे सगळ्यात रुंद आहे, तेवढं आपलं एक माप. चिनी भाषेत त्याला त्सुन म्हणतात. तर्जनीपासून करंगळीपर्यंत चार बोटं जुळवली की तीन त्सुन. शिकायला लागलो त्या पहिल्या आठवड्यात हे आपण पाठ केलं, आणि मग इतक्या वेळा वापरलं की त्यातली गंमत विसरलो. गंमत अशी, की हा अंगठा आपला धरायचा नाही. ज्याच्या अंगावर सुई लावायची, त्याचा धरायचा. सहा फुटी जवानाच्या गुडघ्याखालची चार बोटं वेगळी, त्याच्या आईच्या गुडघ्याखालची वेगळी. फूटपट्टी लावली तर दोन्ही आकडे जुळणार नाहीत, आणि तरी बिंदू एकच. आपला हात मोठा असला तर आपण चुकतो. लहान असला तरी चुकतो.

आता खाली वाका. गुडघ्याच्या वाटीखाली स्वतःची चार बोटं आडवी धरा, आणि नडगीच्या कडेपासून बाहेरच्या अंगाला एक बोट सरका. हा आपला नेहमीचा स्टमक छत्तीस. त्याचं चिनी नाव झुसानली, पायाचे तीन ली. ली म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर. थकून बसलेल्या वाटसरूने इथे दाबलं तर आणखी तीन ली चालेल, अशी त्या नावामागची गोष्ट सांगतात. दाबा. घाई नको. वरवर टोचल्यासारखं लागतं तिथे थांबू नका. जरा खाली, जिथे बोथट, जड, पावलाकडे पसरणारी कळ येते, तिथे थांबा. आणि ही जागा ज्याच्या पायात आहे त्याने आजवर किती ली चालून झाले असतील, ते मनात आणा.

तुमच्या मनात दुसराही एक विचार आहे, तो मला दिसतो आहे. प्रॅक्टिस वाढायला हवी. जागेचं भाडं, मुलीची फी, तीनपैकी दोन टेबलं दुपारभर रिकामी. आणि कुणीतरी सांगितलं आहे की आपला जिल्हा फौजींचा, त्यांच्याकडे पेन्शन आहे, पाठ आणि गुडघे दुखतात, तिकडे लक्ष द्या. हा विचार झटकू नका. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भाडं सगळ्यांनाच भरावं लागतं. त्यालाही शेजारच्या खुर्चीत बसवा, समोर उभा केलात तर तो दार अडवतो.

मीही तेच केलं होतं. फ्लेक्स छापला होता. ‘माजी सैनिकांना ५० टक्के सूट’, कोपऱ्यात तिरंगा, मध्ये बंदूक घेतलेला कुठलातरी जवान. तोसुद्धा आपल्या सैन्याचा नसावा, गणवेशावरून तरी तसंच वाटायचं. तीन महिन्यांत दोघे आले. त्यातले एक सुभेदार. त्यांनी फ्लेक्स शांतपणे पुरता वाचला आणि विचारलं, “डॉक्टर, आम्ही निम्मेच वाटतो का तुम्हाला?” मी हसलो. ते हसले नव्हते. जाताना पूर्ण फी टेबलावर ठेवून गेले, नोटा एकाच दिशेने लावून. मग मी फ्लेक्स उतरवला. आता तो पावसाळ्यात गॅलरीतल्या मोटारसायकलवर असतो.

थोडा वेळ तो प्रश्न तसाच राहू द्या. उत्तर द्यायचं नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, आणि आता तेच त्याचं नाव होऊन बसलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाची ४६ माणसं गेली. त्यांच्या आठवणीचा दगड गावात आहे. घराघरातून पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी भरती होत आलं. तिकडे कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी. अशा गावात ‘मेजर’ म्हणून हाक मारली तर चार माणसं वळतात, आणि चौघांतला एकही हुद्द्याने मेजर नसतो. कुणी नाईक, कुणी हवालदार. गाव मानाने म्हणतं, आणि तेही मानून घेतात.

‘माजी सैनिक’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोण आलं? पांढऱ्या मिशा, काठी, कोटावर पदकं? तो पुसून टाका. पंधरा वर्षांच्या नोकरीवर जवानाला पेन्शन बसते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गेलेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर घरी येतो. मुलं शाळेत असतात, घराचा वरचा मजला बांधायचा राहिलेला असतो. तो कुठल्यातरी बँकेच्या दाराशी, कंपनीच्या गेटवर नाहीतर एटीएमच्या काचेबाहेर पुन्हा गणवेश चढवतो, आता निळा नाहीतर करडा. बारा बारा तास उभा राहतो. आपल्याकडे येतो ती पाठ दोन नोकऱ्यांची असते.

त्या पाठीजवळ जरा थांबा. चढावर वाहिलेल्या वजनाची ती पाठ. गुडघे उताराचे; चढापेक्षा उतार गुडघे खातो, हे तेच सांगतील. कानात सतत एक शिट्टी, फायरिंग रेंजवरची. वर्षानुवर्षं बायकोला वाटत असतं की हा मुद्दाम ऐकत नाही. १९८४ पासून आपलं सैन्य सियाचीनवर आहे. तिथून आलेल्यांपैकी कुणाच्या पायाची बोटं बर्फाने नेलेली असतात, कुणाच्या बोटांचा स्पर्श गेलेला असतो. स्पर्श गेलेल्या जागी आपण सुई लावत नाही. लागलेलं त्याला कळणार नाही, आणि कुठे थांबायचं ते आपल्याला कळणार नाही. कुणाच्या अंगात अजून छर्रे असतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, “हां, आहेत थोडे”, खिशात सुटे पैसे असल्यासारखं.

आणि झोप. झोपेचं ते पहिल्या भेटीत सांगणार नाहीत. दुसऱ्याही नाही.

*

आता ट्रे.

दुपारची वेळ. टेबलावर एक हवालदार पालथे, पाठीला चौदा सुया. चौथी-पाचवी भेट असेल. मागच्या वेळी त्यांना पहिल्यांदा डुलकी लागली होती आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. त्या दिवशीही श्वास लांबला होता. मी पलीकडे सामान आवरत होतो. स्टीलचा किडनी ट्रे हातातून सुटला आणि फरशीवर पडला. पडून थांबला नाही, गोल फिरत राहिला. स्टीलचा ट्रे फिरत फिरत बसताना कसा आवाज करतो, तुम्हाला ठाऊक आहे.

मी ट्रेकडे बघितलं. वर बघेपर्यंत ते टेबलावर नव्हते. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून बसले होते. आणि पाठीला सुया होत्या. पाठ भिंतीला होती.

पुढची दोन-तीन मिनिटं मी नीट सांगू शकणार नाही. एवढं आठवतं की मी त्यांच्याकडे धावलो, आणि तेच चुकलं. त्यांचा हात वर आला. मारायला नव्हे, अडवायला. मी थांबलो. मग मला खाली बसायचं सुचलं. सुचलं कसलं, पाय लटपटले म्हणून बसलो. दोघेही फरशीवर, मध्ये तो ट्रे. थोड्या वेळाने ते म्हणाले, “डॉक्टर, सॉरी.” त्यांनी. मला.

सहा सुया वाकल्या होत्या. दोन खोल गेल्या होत्या, त्या काढताना रक्त आलं. सुदैवाने सगळ्या कमरेच्या भागात होत्या. खांद्यावर किंवा बरगड्यांच्या वर असत्या तर फुप्फुसाला धोका होता, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही ती एवढ्यासाठीच. चूक हातातून ट्रे सुटण्याची नव्हती. ट्रे कुणाच्याही हातून सुटतो. अकरा वर्षं फौजींच्या जिल्ह्यात दवाखाना चालवून मी फरशीवर स्टील वाजेल अशी खोली ठेवली होती, दार पाठीमागे ठेवलं होतं, आणि ‘डोळे मिटा, रिलॅक्स व्हा’ असं प्रत्येकाला एकाच सुरात सांगत होतो. माप माझ्या अंगठ्याचं होतं.

आता पेशंटच्या खुर्चीत बसूनच तुमच्या खोलीवर हळूहळू नजर फिरवा. आवाज कुठून येऊ शकतो? पंख्याची पाती, खिडकीची सैल काच, बाहेरच्या वेल्डिंगवाल्याचं दुकान. दिवाळीत गल्लीतली पोरं फटाके लावतात तेव्हा कुणाला कुठली वेळ दिली आहे? पडदा पुरा ओढायचा की अर्धा? तुम्ही जवळ येता तेव्हा कुठल्या बाजूने येता? हात लावायच्या आधी सांगता का? नळीतून सुई टिचकीने आत जाते, तेव्हा बारीक टक्क असा आवाज होतो. तो आवाज कसा असतो ते पहिल्या भेटीत हवेत एकदा ऐकवून टाकावा. हवालदार पुन्हा आले (होय, आले, दहा दिवसांनी), तेव्हा मी ट्रे प्लास्टिकचे घेतले होते, खुर्ची दाराकडे फिरवली होती आणि एक घंटी त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती एकदाही वाजवली नाही. जाताना मात्र बघितलं, उशीखाली नीट ठेवली होती, मूठ वरच्या बाजूला, हाताला लागेल अशी.

त्या महिन्यात त्यांच्या ओळखीचे तिघे आले. आपल्याकडे म्हण आहे, कान सोनारानेच टोचावे. फौजीला डॉक्टरचं सांगणं पटत नाही, फ्लेक्सचं तर नाहीच. दुसऱ्या फौजीचं पटतं. मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत, तेल-साबणाच्या पिशव्या पायाशी ठेवून, एक जण दुसऱ्याला काय सांगतो त्यावर आपलं दुकान चालतं. “सुई जाणवत नाही, आणि साला उगाच बडबडत नाही,” असं माझ्याबद्दल सांगितलं गेलं, असं नंतर कळलं. पदवीप्रमाणपत्रासारखं फ्रेम करून लावावं असं वाटलं होतं.

*

कानच निघाला आहे तर कानाला हात लावा. पाळी नको, वरचा भाग, कूर्चा. बोटाच्या पेराने कडेकडेने चाचपत चला. कुठे दुखरं लागलं तर थांबा.

१९५० च्या दशकात फ्रान्समधल्या लिऑंचे डॉक्टर पॉल नोजिए यांच्या लक्षात आलं की कंबरेतून पायात उतरणारी कळ थांबलेल्या काही पेशंटांच्या कानावर डागल्याची बारीक खूण आहे. कुणी गावठी वैदूबाईने डागलेलं. आपल्याकडेही डागणारे होते, आणि त्यातून बरं झालेल्यांपेक्षा चट्टे राहिलेलेच जास्त. पण नोजिए त्या खुणेच्या मागे लागले आणि त्यांनी कानाचा नकाशा काढला. गर्भातल्या उलट्या बाळासारखा, डोकं पाळीत, पाठ वरच्या वळणावर.

पुढे अमेरिकेत हा कान फौजींपाशी पोचला. हवाई दलातले डॉक्टर रिचर्ड नीमत्झो यांनी २००१ मध्ये कानातल्या पाच बिंदूंची एक झटपट पद्धत बसवली आणि तिला रणांगणातलं अ‍ॅक्युपंक्चर असं नाव दिलं. सुया एवढाल्याशा, सोन्याचा मुलामा दिलेल्या. लावून सोडून द्यायच्या, तीन-चार दिवसांत आपोआप गळून पडतात. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या लिंकन हॉस्पिटलात व्यसन सोडणाऱ्यांसाठी कानातल्या पाच सुयांची दुसरी पद्धत रुळली होती. तिथे टेबल नाही, कपडे काढणं नाही, काय झालं ते सांगणं नाही. खुर्च्या गोल मांडायच्या, सगळ्यांनी एकत्र बसायचं, कानात सुया, आणि गप्प.

या दुसऱ्या चित्रापाशी जरा रेंगाळा. गोल मांडलेल्या खुर्च्या. कुणीच कुणाला काही विचारत नाही.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०१७ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला आपल्या उपचारांच्या यादीत जागा दिली. २०१८ च्या कायद्याने, जो जून २०१९ पासून अंमलात आला, माजी सैनिकाला खात्याच्या मंजुरीने बाहेरच्या खासगी दवाखान्यातही जाता येतं आणि बिल सरकार भरतं. त्यामुळे तिथल्या कितीतरी अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांची प्रॅक्टिस फौजींवर उभी राहिली. कागदपत्रांनी जीव जातो अशी त्यांची कुरकुर असते, पण टेबलं भरलेली असतात. हे वाचून आपल्या पोटात जरा दुखतं. दुखू दे. आपल्याकडे महाराष्ट्राने २०१५ चा कायदा करून अ‍ॅक्युपंक्चरला मान्यता दिली, परिषद झाली, नोंदणी झाली. केंद्रानेही २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्य केलं. पण फौजीच्या खिशात २००३ पासूनच्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असतं आणि माझा दवाखाना त्या यादीत नाही. तो येतो तो स्वतःच्या पैशाने. भिंतीवरचं नोंदणीपत्र तो वाचतो, नंबरसकट. ते लोक सगळं नंबरसकट वाचतात.

मी रविवारी सकाळी खुर्च्या गोल मांडायला लागलो. बाहेरच्या खोलीत सात खुर्च्या, कानातल्याच सुया, माणशी फी थोडी पण सगळ्यांना एकच, फौजी असो नाहीतर भाजीवाली. सूट नाही, फुकट नाही. खुर्च्या भिंतीला पाठ लावून, दार सगळ्यांना दिसेल अशा. पहिल्या रविवारी दोघे आले. मी घड्याळ बघत बसलो, पाच रिकाम्या खुर्च्या मोजत. तुम्हीही मोजाल. मोजून झालं की पुन्हा भरलेल्या दोन बघा. एक जण आढ्याकडे बघत होता, एक स्वतःच्या बुटांकडे. अर्ध्या तासात कुणी चकार शब्द बोललं नाही, आणि निघताना त्यातला एक म्हणाला, “पोस्टवर असंच बसायचो. फरक इतकाच की चहा नव्हता.” तेव्हापासून चहा असतो.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर तालुक्याला येतात. सकाळपासून बँकेच्या पायऱ्यांवर बसलेले असतात, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला. त्यातले चार-सहा रविवारपर्यंत मुक्काम ठेवून खुर्चीत येऊन बसायला लागले. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा १९५३ मध्ये त्याच तारखेला निवृत्त झाले होते. आपल्याकडे बहुतेक वर्षी तीच संक्रांत. त्या दिवशी सत्कारांचे हार खूप असतात, मी तिकडे जात नाही. आमच्याकडे तिळगूळ असतो आणि कानात सुया. गोड बोला म्हणून बजावावं लागत नाही, कारण कुणी बोलतच नाही.

*

अजून एक माणूस या खोलीत बसवायचा आहे.

१९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या जखमी सैनिकांची सेवा करायला. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीसांना आपण ओळखतो. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. ते शल्यविशारद होते. पण त्याच पाचांत कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. ते परत आले, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. आपल्या देशात ही सुई त्यांनी आणली. म्हणजे तुमच्या हातातल्या पाव मिलिमीटर जाडीच्या सुईचा माग काढत मागे गेलात, तर तो कुठल्यातरी डोंगरातल्या फौजी इस्पितळात, स्ट्रेचरवरच्या माणसापाशी जाऊन थांबतो. बसूंना तेव्हा प्रॅक्टिस वाढवायची नव्हती. इतकंच, याहून जास्त मला त्यातून काढायचं नाही.

आणि आता नको असलेला विचार. तुम्ही पेशंटला काय कबूल करणार आहात?

पाठ, गुडघा, मान इथे आपण थोडं ठामपणे बोलू शकतो. रात्री दोनला जागा होणारा, गर्दीत घाम फुटणारा, मुलावर हात उगारून मग स्वतः बाहेर जाऊन बसणारा माणूस समोर असेल तर? २०२४ मध्ये जामा सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात अमेरिकेतल्या ९३ माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. सगळ्यांना लढाईच्या आघाताचा आजार. काहींना खऱ्या जागी सुया, काहींना भलत्याच जागी, वरवर, चोवीस बैठका. खऱ्या सुयांच्या गटाला जास्त उतार पडला. ही बातमी आपल्याला आवडते. पण भलत्या जागी सुया लावलेल्यांनाही बरं वाटलं होतं, आणि ते आपण फ्लेक्सवर छापत नाही. त्या दुसऱ्या गटापाशी मी पुष्कळदा मनाने जाऊन बसतो. चोवीस वेळा एका माणसाला कुणीतरी ठरल्या वेळी आत घेतलं, शांतपणे आडवं केलं, सांगून हात लावला. सुईचं काम किती आणि याचं किती, हे वेगळं करायला मी शास्त्रज्ञ नाही. त्या गटाला लावलेली सुई खोटी होती, बाकीचं खरं होतं.

म्हणून मी बरं करतो असं म्हणत नाही. गोळ्या चालू असतील तर बंद करायला सांगत नाही; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का, हे मात्र दर वेळी विचारतो. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, खोलीत लिहून ठेवला आहे, पण दारामागे, जिथे तो एकट्यालाच वाचता येईल. एकदा तिथे पेन्सिलीने बारीक काहीतरी खरडलेलं दिसलं. निरखून बघितलं तर कुणीतरी तोच नंबर स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला होता, लक्षात राहावा म्हणून असावा. मी पुसला नाही.

मघाच्या सुभेदारांचा प्रश्न अजून खोलीत आहे का बघा. निम्मेच वाटतो का? त्यांनी तो विचारला तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती. दाराबाहेर चपलांपाशी उभी. मी तिला आत बोलावलं नव्हतं. सतरा वर्षं तिने एकटीने सासू-सासरे, दोन म्हशी, तीन मुलं आणि दर बातमीला धडधडणारं काळीज सांभाळलं होतं. हे मला पुढे कधीतरी, तिच्या मानेवर सुया लावताना, तुटक तुटक कळलं. आज माझ्या दवाखान्यात फौजी येतात त्यापेक्षा फौजींच्या घरच्या बायका जास्त येतात. गुडघे, मान, खांदे. प्रॅक्टिस वाढली ती इथून, हे मी कुणाला सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला तो धंद्यातला डाव वाटतो. तिचा अंगठा बारीक आहे, सांध्यापाशी विळ्याची जुनी खूण आहे. चार बोटं धरली की बिंदू माझ्या अंदाजापेक्षा वर येतो. दर वेळी वर येतो, आणि दर वेळी माझं बोट आधी खालीच जातं.

आता उठू नका, अजून वेळ आहे. हात मांडीवर ठेवा. दार समोर आहे. जिन्यावर पावलं वाजतात का ऐका. सारख्या अंतराने, घाई नसलेली. दहाची वेळ दिली की ते पावणेदहाला येतात आणि बाहेर बाकावर ताठ बसून राहतात, हाक मारल्याशिवाय आत येत नाहीत. आले आहेत. चपला काढून भिंतीला समांतर लावल्याचा आवाज झाला.

पेशंटच्या खुर्चीतून उठा. बसायची जागा हाताने एकदा साफ करा. मग दारापाशी जा, आतून हाक मारू नका, दार उघडून त्यांना दिसेल असे उभे राहा, आणि म्हणा, “या मेजर.”